एक्कावन्न

पहिली गोष्ट, चादरीवर शिकायचं.
फरशीवर पडलेला पत्ता नखानं उकरावा लागतो,
चादरीवरचा लगेच हाताला येतो.
आमच्याकडं चादरींना तोटा नाही.
नक्षीतला एक मोर बिनमानेचा निघाला
म्हणून परत आलेली, बापूंच्याच मागावरची,
ती मी पसरते.
रोज रात्री त्या मोरावर
बावन्न पत्ते सांडतात.

नव्या पेठेतनं आणला कॅट, एकशेवीस रुपये.
दुकानदार म्हणाला, रमी का तीनपत्ती?
म्हटलं, नुसता फिरवायला.
सुट्टे देताना त्यानं
माझ्याकडं दोनदा बघितलं.

व्हिडिओतला पोरगा काय बोलतो ऐकू येत नाही,
शेजारी येमूलांचे चार माग रात्रभर खडखडतात.
हात तेवढे बघते.
करंगळी खालच्या कोपऱ्याला, अंगठा वर,
अर्धी गड्डी तळहातात सोडायची,
तर्जनीनं तिची कड रेटत न्यायची उभी,
मग वरच्या अर्धीनं
कूस बदलल्यासारखं खाली यायचं.
हे सगळं एका हातानं.
त्याचा डावा मला उजवा दिसतो
हे कळायलाच आठवडा गेला.

एप्रिल. त्रेचाळीस.
घामानं पत्ते एकमेकांना धरून बसतात.
पंखा उघडावा तर तीन-तीन जोडीनं सरकतात,
मधे फटी, दात पडलेल्या फणीसारख्या.
पावडर चोळली.
राजा, राणी, गुलाम, सगळ्यांना
लग्नघराचा वास.

बापू दारात. भुवयांवर कापसाची लव.
"काय करलालीस गं? पैसे लावतीस?"
"नाही."
"मग जिंकतंय कोण?"
"कोण नाही."
"हरतंय?"
मी खाली पडलेले दाखवले.
ते बराच वेळ उभे राहिले,
सूत न लावताच
कुणी माग चालू ठेवलाय तसे बघत.

अम्मा काही विचारत नाही.
सुपात तेंदूची पानं, ओल्या फडक्याखाली.
हजार झाल्याशिवाय मान वर नाही.
एकदा मान खाली ठेवूनच म्हणाली,
"इतकं दाबू नको. पान मोडतंय."
आणि मग तेलुगूत, "मेल्लगा."
हळू.
हळू केलं. त्याहून हळू.
इतकं, की पडायच्या आधी
वरची अर्धी गड्डी क्षणभर
कुणाच्याच आधाराला नव्हती,
ते दिसलं.

एका रात्री मोजले तर एक्कावन्न.
चौकटची सत्ती नाही.
चादर झटकली, उशा झटकल्या,
बापूंचा शर्ट सुद्धा.
सकाळी अम्माच्या सुपात सापडली.
धाकट्या श्रावणीनं पानाचा साचा वर ठेवून
कात्रीनं नीट कापलेली,
वळलेली, दोरा बांधलेली.
तीन चौकट बाहेर, बाकीचे आत.
अम्मानं बोटांत फिरवून पाहिली.
"तोंड नीट बंद नाही. ही छाटात जाईल,"
म्हणाली, आणि टाकली नाही.
देवाच्या फोटोमागं खोचली.

खेळत असते तर अडलं असतं.
सत्तीवाचून डाव लागत नाही.
नुसतं फिरवणारीचं काय अडतंय?
एक पान कमी,
माझ्या हाताला उलट बरंच.

जमलं, तेव्हा लाइट गेली होती.
येमूलांचे माग एकदम गप्प,
गल्लीत कुणीतरी लाइटवाल्याला शिव्या घालत होतं,
आणि अंधारात माझ्या उजव्या हातावर
एक अर्धी दुसरीच्या पाठीवरून
आवाज न करता उतरली.
श्वास सोडला नाही मी.
कुणाला हाक मारावी, तर दाखवणार काय?

लाइट आली. माग सुरू झाले.
पुन्हा केलं.
बिनमानेच्या मोरावर
सगळे एक्कावन्न.